आयसीएल आठवते का? दुसरं दुकान बंद कसं पडलं, त्याची गोष्ट

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन निवांत बसा आणि वाचा. विषय क्रिकेटचा वाटेल, पण तो फक्त क्रिकेटचा नाही. शेवटी तो आपल्या बेंबळीच्या मैदानावर घाम गाळणाऱ्या पोरापोरींपर्यंत येतो.

आजच्या विशीतल्या पोरांना विचारा, भारतात शहरांच्या नावाची टी-२० लीग पहिल्यांदा कधी झाली? शंभरातले नव्याण्णव सांगतील, २००८, आयपीएल. उत्तर चूक आहे. आयपीएलचा पहिला चेंडू १८ एप्रिल २००८ ला बेंगळुरूत पडला. त्याच्या साडेचार महिने आधी, ३० नोव्हेंबर २००७ ला, हरियाणातल्या पंचकुला इथं इंडियन क्रिकेट लीग सुरू झाली होती. आयसीएल. मुंबई चॅम्प्स, चेन्नई सुपरस्टार्स, दिल्ली जेट्स, कोलकाता टायगर्स, हैदराबाद हीरोज आणि चंदीगड लायन्स असे सहा संघ होते. मुंबईचा कप्तान कोण होता सांगू? ब्रायन लारा! आणि कोच आपला संदीप पाटील.

दोन वर्षंसुद्धा ही लीग धड टिकली नाही. आज तिचं नाव काढलं तर लोक "ती बंडखोर लीग ना?" एवढंच म्हणतात. पण बंड कुणाविरुद्ध होतं, का होतं आणि त्यात मेलं कोण, हे नीट सांगितलं पाहिजे.

भांडण सुरू कुठून झालं?

सुरुवात टीव्हीपासून झाली. झी समूहाचे सुभाष चंद्र यांना क्रिकेटच्या प्रक्षेपणाचे हक्क हवे होते. २००४ साली त्यांनी बोली लावली, बोर्डाशी वाद झाला आणि प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं. २ फेब्रुवारी २००५ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं ३ विरुद्ध २ असा निकाल दिला की बीसीसीआय ही राज्यघटनेच्या कलम १२ प्रमाणे 'राज्यसंस्था' नाही. सरळ भाषेत सांगायचं तर, जी संस्था 'भारत' नावाचा संघ निवडते ती कायद्यानं खाजगी. २००६ साली पुढच्या चार वर्षांचे हक्क निंबस कंपनीला गेले, ६१ कोटी डॉलरच्या वर किमतीला. झी पुन्हा बाहेर.

मग चंद्र यांनी विचार केला, मला सामने दाखवायला मिळत नसतील तर मी सामनेच भरवतो. एप्रिल २००७ मध्ये त्यांनी आयसीएलची घोषणा केली. वेळही बघा कशी होती. मार्चमध्येच वेस्ट इंडिजमधल्या विश्वचषकात भारत पहिल्या फेरीत घरी आला होता. बोर्डावर लोक चिडलेले होते.

कपिल देव मंडळाचे प्रमुख झाले. सोबत किरण मोरे, डीन जोन्स आणि टोनी ग्रेग. यातलं शेवटचं नाव लक्षात ठेवा, त्याच्याकडं परत येऊ.

दोन्हीकडं मोठी माणसं, मधे पोरं

तेव्हा बोर्डाचे अध्यक्ष होते शरद पवार, आणि उपाध्यक्षांत ललित मोदी. बोर्डानं भूमिका घेतली की आयसीएलमध्ये जाईल त्याला भारताकडून खेळता येणार नाही, रणजी खेळता येणार नाही, बोर्डाच्या कुठल्याच स्पर्धेत उभं राहता येणार नाही. कपिल देवना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून काढलं. १९८३ चा विश्वचषक आणणारा माणूस, त्यालाही सुट्टी नाही. मग रणजीतल्या पोराची काय कथा?

मैदानांचंही तसंच. देशातली बहुतेक मोठी मैदानं राज्य संघटनांच्या हातात आणि राज्य संघटना बोर्डाच्या. म्हणून आयसीएलला पंचकुला शोधावं लागलं. नंतर हैदराबादचं लाल बहादूर स्टेडियम मिळालं, ते सरकारी म्हणून. रेल्वेमंत्री लालूप्रसाद यादव यांनी तर रेल्वेची मैदानं द्यायची तयारी दाखवली होती. म्हणजे बघा, क्रिकेटचं मैदान कुणाला मिळणार हे खेळावरून नाही, मालकी कुणाची यावरून ठरत होतं.

आता प्रश्न, पोरं गेली का? कुणी म्हणेल पैशाच्या लोभानं. मला हा शब्द पटत नाही. रणजी खेळणारा खेळाडू म्हणजे देशातला पहिल्या चार-पाचशेतला. पण त्यातले भारताकडून खेळणार किती? अकरा. बाकीच्यांनी पस्तिशीपर्यंत खेळायचं आणि मग बँकेत, रेल्वेत, तेलकंपनीत नोकरी मिळाली तर नशीब. अशा माणसाला कुणी तीन वर्षांचा करार देत असेल, वर्षाला त्यानं कधी न पाहिलेली रक्कम देत असेल, तर त्यानं काय करायचं? घरच्यांना विचारायचं की बोर्डाला?

अंबाती रायुडूचं उदाहरण घ्या. २००४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात हा भारताचा कप्तान होता. पुढचा मोठा फलंदाज म्हणून सगळे त्याच्याकडं बघत होते. आयसीएलशी करार केला तेव्हा वय जेमतेम बावीस. महाराष्ट्राचा सलामीवीर धीरज जाधवही मुंबई चॅम्प्समध्ये गेला. सुनील गावसकरांचा मुलगा रोहन कोलकात्याकडून खेळला. रॉजर बिन्नींचा मुलगा स्टुअर्ट हैदराबादकडून.

दुसरं दुकान उघडलं की पहिलं जागं होतं

इथं आपल्या भागातल्या माणसाला जास्त सांगायला नको. उसाची झोनबंदी होती तो काळ जुन्या माणसांना विचारा. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा हे शेतकरी ठरवत नव्हता, हद्द ठरवत होती. घेणारा एकच असला की भाव तोच सांगतो, तोड तोच ठरवतो आणि वजनाला 'का' म्हणून विचारायची सोय नसते. शेजारी दुसरा गाळप करणारा आला की पहिल्याची भाषा मऊ होते.

क्रिकेटमध्ये नेमकं हेच झालं. आयसीएलची चाहूल लागताच बोर्डानं देशांतर्गत खेळाडूंचं मानधन आणि बक्षिसांच्या रकमा वाढवल्या. १३ सप्टेंबर २००७ ला आयपीएल जाहीर झाली. अकरा दिवसांनी, २४ सप्टेंबरला, धोनीच्या संघानं जोहान्सबर्गला पाकिस्तानला ५ धावांनी हरवून पहिला टी-२० विश्वचषक जिंकला आणि ज्या प्रकाराला बोर्ड स्वतःच नाक मुरडत होतं तो घराघरात पोचला.

निष्पक्ष राहायचं तर हेही सांगितलं पाहिजे की शहरांच्या संघांची लीग ही कल्पना ललित मोदींच्या डोक्यात नव्वदच्या दशकापासून होती. त्यांनी ती झीकडून चोरली असं म्हणणं बरोबर नाही. पण कल्पना डोक्यात असणं वेगळं आणि तिला घाईनं जमिनीवर आणणं वेगळं. ही घाई आयसीएलमुळं झाली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जानेवारी २००८ मध्ये आयपीएलचे आठ संघ मिळून ७२ कोटी डॉलरच्या वर विकले गेले. २० फेब्रुवारीच्या लिलावात धोनीला १५ लाख डॉलर मिळाले, तेव्हाचे सहा कोटी रुपये. क्रिकेटपटूचा भाव असा भर बाजारात पहिल्यांदाच बोलला गेला.

हे जगात आधी झालेलं होतं

आता टोनी ग्रेगकडं येऊ. १९७७ साली ऑस्ट्रेलियात केरी पॅकर नावाच्या टीव्हीमालकाला तिथल्या बोर्डानं हक्क नाकारले. त्यानं जगभरचे खेळाडू फोडून स्वतःची स्पर्धा काढली. खेळाडू गोळा करण्यात पुढं होता इंग्लंडचा कप्तान टोनी ग्रेग. त्याचं कप्तानपद गेलं. खेळाडूंवर बंदी घालायचं ठरलं तेव्हा ग्रेग आणि सोबती लंडनच्या हायकोर्टात गेले आणि जिंकले. कोर्ट म्हणालं, माणसाला त्याच्या कसबावर पोट भरण्यापासून असं अडवता येणार नाही. १९७९ साली बोर्डानं पॅकरशी समझोता केला. रात्रीचे सामने, पांढरा चेंडू, रंगीत कपडे, हे सगळं त्या बंडातून आलेलं आहे.

त्याच दशकात अमेरिका-कॅनडात आइस हॉकीत असंच चाललं होतं. तिथं नॅशनल हॉकी लीग ही एकच मोठी लीग. १९७२ साली तिच्याविरुद्ध वर्ल्ड हॉकी असोसिएशन उभी राहिली, पहिल्याच वर्षी बारा संघ. शिकागोचा मोठा खेळाडू बॉबी हल विनिपेगच्या संघानं दहा वर्षांसाठी साडेसत्तावीस लाख डॉलरला घेतला. शिक्षा काय? त्याच वर्षी रशियाविरुद्धच्या ऐतिहासिक मालिकेत कॅनडाच्या संघातून त्याला वगळलं. देशातला अव्वल खेळाडू, पण चुकीच्या दुकानात गेला ना! ती लीग सात वर्षं रडतखडत चालली. संघ बुडाले, गावं बदलली. पण खेळाडूंचे पगार सगळीकडं वाढले. वेन ग्रेट्स्की, ज्याला पुढं जगानं त्या खेळातला सर्वात मोठा मानलं, तो सतराव्या वर्षी याच बंडखोर लीगमध्ये व्यावसायिक खेळाडू झाला. १९७९ ला लीग बंद पडली तेव्हा तिचे चार संघ मोठ्या लीगमध्ये घेतले गेले.

म्हणजे दोन्ही ठिकाणी काय झालं? बंड हरलं, पण तह झाला. बंडखोरांना घरात जागा मिळाली.

आपल्याकडं तह झाला नाही. आपल्याकडं माफीनामा झाला. फरक इथं आहे.

पडझड

आयसीएलचा पहिला हंगाम चेन्नईनं जिंकला. लाराची मुंबई तळाला गेली. मार्च २००८ मध्ये लाहोर बादशाह आणि अहमदाबाद रॉकेट्स आले. इंझमाम कप्तान असलेला लाहोरचा संघ फार तगडा होता. त्या हंगामात ते अंतिम फेरीत हैदराबादकडून हरले, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या हंगामात त्यांनी विजेतेपद घेतलं. तेव्हा ढाका वॉरियर्सही आले होते. त्यांच्या तेरा खेळाडूंवर बांगलादेश बोर्डानं दहा-दहा वर्षांची बंदी घातली! न्यूझीलंडच्या शेन बाँडचा देशाशी असलेला करार गेला. पाकिस्तानी खेळाडूंवरची बंदी फेब्रुवारी २००९ मध्ये सिंध हायकोर्टानं स्थगित केली. एका कंपनीच्या लीगसाठी चार देशांची बोर्डं एका सुरात बोलत होती, कारण सगळ्यांना भारतीय बोर्डाशी सामने खेळायचे होते. पैसा तिथंच होता.

नोव्हेंबर २००८ मध्ये आयसीएलची वर्ल्ड सिरीज चालू होती. २६ तारखेला मुंबईवर हल्ला झाला आणि स्पर्धा अर्धवट थांबली. त्यानंतर आयसीएलचा एकही सामना झाला नाही.

सगळा दोष बोर्डाचा होता का? नाही. आयसीएलच्याही चुका होत्या आणि त्या लपवण्यात अर्थ नाही. सगळे संघ एकाच कंपनीचे. म्हणजे 'मुंबई' विरुद्ध 'कोलकाता' हे नाव फक्त जर्सीवर, मालक तोच. मुंबईचा संघ मुंबईत खेळला नाही तर मुंबईकरानं टाळी का वाजवायची? सामने मुख्यतः स्वतःच्याच वाहिन्यांवर. परदेशी खेळाडू बहुतेक निवृत्त किंवा निवृत्तीला टेकलेले. भारताच्या तेव्हाच्या संघातला एकही मोठा खेळाडू नाही. आणि शेवटी शेवटी तर मानधन थकल्याच्या तक्रारी जाहीरपणे आल्या. ज्या पोरांनी भविष्य पणाला लावलं त्यांना एकीकडून बंदी आणि दुसरीकडून थकबाकी. दोन वळूंच्या झुंजीत झुडपाचं मरण, तसलं.

२००९ मध्ये बोर्डानं सांगितलं, आयसीएल सोडा, परत या, माफ करू. सत्तरहून जास्त भारतीय खेळाडू परतले. 'माफी' हा शब्द बघा. गुन्हा कोणता होता? क्रिकेट खेळले हा!

पुढचं ऐका, यात गंमतही आहे

संदीप पाटीलही परतले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये राष्ट्रीय निवड समितीचे अध्यक्ष झाले. ज्याला काल दारात उभं करत नव्हते त्याच्याच हातात संघाची यादी. त्यांच्याच काळात रायुडू जुलै २०१३ मध्ये भारताकडून पहिला सामना खेळला, सत्ताविसाव्या वर्षी. स्टुअर्ट बिन्नी २०१४ मध्ये आला आणि त्याच वर्षी बांगलादेशविरुद्ध ४ धावांत ६ बळी घेतले. एकदिवसीय सामन्यात कुठल्याही भारतीयानं तोवर अशी गोलंदाजी केली नव्हती. कपिल देवनीही २०१२ मध्ये बोर्डाशी जुळवून घेतलं आणि त्यांना दीड कोटीचा सन्माननिधी मिळाला.

मग या माणसांत खोट कुठं होती? कुठंच नव्हती. आधीही नव्हती. मधली वर्षं मात्र गेली ती गेली. रायुडू, बिन्नी ही नावं आपल्याला माहीत आहेत कारण ते वर आले. जे तीस-बत्तीसला होते, ते परतले तेव्हा त्यांच्या जागेवर दुसरा बसलेला होता. त्यांची नावं कुणाला आठवतात?

कायद्याचाही हिशेब बघा. ८ फेब्रुवारी २०१३ ला भारतीय स्पर्धा आयोगानं बीसीसीआयला ५२.२४ कोटींचा दंड ठोठावला. मुख्य मुद्दा हाच की बोर्डानं प्रक्षेपणाच्या करारात लिहून दिलं होतं, आयपीएलशी स्पर्धा करणाऱ्या दुसऱ्या लीगला आम्ही मान्यता देणार नाही. आयोगाचं म्हणणं, खेळाचे नियम करणाराच धंदाही करत असेल आणि नियमाच्या जोरावर दुसऱ्याचा धंदा बंद पाडत असेल, तर तो बाजारातल्या ताकदीचा गैरवापर आहे. २०१५ मध्ये तो आदेश अपिलात रद्द होऊन परत आला, पण २०१७ मध्ये आयोगानं पुन्हा तेवढाच दंड लावला. आणि २२ जानेवारी २०१५ ला सुप्रीम कोर्टानंही सांगितलं की बोर्ड 'राज्यसंस्था' नसलं तरी सार्वजनिक काम करतं, म्हणून हायकोर्टात त्याला जाब विचारता येतो. हे सगळं झालं तोवर आयसीएलची हाडंसुद्धा उरली नव्हती. न्याय आला, पण कुणासाठी?

एकट्या क्रिकेटचं रडगाणं नाही

२०१२ साली वर्ल्ड सिरीज हॉकी झाली. मैदानी हॉकीची. तेव्हा देशात हॉकीच्या दोन संघटना भांडत होत्या, इंडियन हॉकी फेडरेशन आणि हॉकी इंडिया. फेडरेशननं निंबसला सोबत घेऊन आठ संघांची लीग काढली. पुणे स्ट्रायकर्स अंतिम फेरीत गेले आणि शेर-ए-पंजाबकडून हरले. आपला खडकीचा धनराज पिल्ले त्रेचाळिसाव्या वर्षी कर्नाटक लायन्सकडून त्या लीगमध्ये उतरला होता. दुसरा हंगाम झालाच नाही. २०१३ च्या जानेवारीत हॉकी इंडियाची स्वतःची लीग सुरू झाली.

२०१९ ला कबड्डीत तेच. प्रो कबड्डीला टक्कर म्हणून मे महिन्यात पुण्यात बालेवाडीला इंडो इंटरनॅशनल प्रीमियर कबड्डी लीग सुरू झाली. 'मुंबईचे राजे', 'पुणे प्राइड' असे संघ होते. उत्पन्नातला २० टक्के वाटा खेळाडूंना, अशी घोषणा होती. एक हंगाम, आणि खेळ खलास.

चित्र दर वेळी तेच. वर दोन सत्ताधीश, खाली खेळाडू. वरचे नंतर एका व्यासपीठावर बसून हसतात. खालच्याच्या नावापुढं 'बंडखोर' हा शब्द चिकटलेला राहतो.

मग बेंबळीत बसून मी हे का लिहितोय?

कारण आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा जिल्हा आहे. सारिका काळेला २०२० चा अर्जुन पुरस्कार मिळाला तो याच मातीवर पळून. २०२२ मध्ये अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली, तीही बालेवाडीतच. खो-खोपटूला टीव्हीवर बघून ऊर भरून आला. पण पहिले दोन्ही हंगाम पुरुषांचेच. ज्या पोरींनी जिल्ह्याचं नाव देशात नेलं, त्यांच्यासाठी त्यात जागा नव्हती.

उद्या कुणी मुलींची खो-खो लीग काढली, आणि संघटनेनं सांगितलं की तिकडं खेळलीस तर राज्याच्या संघात घेणार नाही, तर आपल्या गावातल्या पोरीनं काय करायचं? तिच्या बापानं कुणाला विचारायचं? क्रिकेटपटू निदान वकील लावू शकतो. खो-खोपटूकडं बऱ्याचदा चांगले बूट नसतात. आणि राज्याच्या संघातून नाव गेलं म्हणजे खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणातली नोकरीची आशाही गेली. आपल्याकडं खेळ हा मेडलसाठी कमी आणि नोकरीसाठी जास्त खेळला जातो, हे उघड बोलायला काय हरकत आहे?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. राष्ट्रीय क्रीडा मंडळ, खेळाचे वाद सोडवायला वेगळं न्यायाधिकरण, संघटनांमध्ये खेळाडूंना जागा, अशा गोष्टी त्यात आहेत. चांगलंच आहे. पण माझ्या मते कसोटी एकच आहे. दुसऱ्या ठिकाणी खेळला म्हणून खेळाडूला शिक्षा करायची ताकद संघटनेकडं राहते का नाही? ती राहिली तर बाकी सगळं रंगरंगोटी.

मी आयसीएलचा भक्त नाही. ती एका उद्योगपतीनं हक्क न मिळाल्याच्या रागातून काढलेली लीग होती आणि तिनं स्वतःच्या खेळाडूंचेही हाल केले. पण ती आली म्हणून रणजीतल्या पोराचं मानधन वाढलं. ती आली म्हणून आज एखाद्या खेड्यातल्या अनोळखी पोराचा लिलावात कोटीत भाव होतो. किंमत मात्र त्या सत्तर-ऐंशी पोरांनी मोजली, आणि त्यांच्या नावाची कुठं पाटी नाही.

संघटना हवी, नियम हवेत, यात वाद नाही. पण पंचानंच दुकान टाकायचं, आणि शेजारच्या दुकानात गेलेल्या गिऱ्हाइकाला बाद द्यायचं, याला नियम म्हणत नाहीत.

आपल्या भागातल्या कुणा खेळाडूला संघटनांच्या भांडणात असं अडकावं लागलं असेल तर खाली लिहा. नावं घेऊ नका, पोरांना त्रास होतो. फक्त काय झालं ते लिहा. आणि ज्यांची लेकरं मैदानावर जातात त्यांना ही पोस्ट वाचायला द्या.